फाइल मॅनेजरची कळ कोणाच्या हाती?

कार्यालयातल्या संगणकावर दिवसभर जे काम चालतं, त्यातलं बरंचसं ना वर्डमध्ये होतं ना एक्सेलमध्ये. स्कॅन केलेला सात-बारा उघडून पाहायचा, मशीनने दिलेलं आकड्यांचं नाव पुसून अर्जदाराचं नाव टाकायचं, फाइल योग्य फोल्डरमध्ये हलवायची, एक प्रत साहेबांच्या फोल्डरला ठेवायची, चुकून दोनदा स्कॅन झालेली उडवायची. हे सगळं फाइल मॅनेजरमध्ये घडतं. विंडोजवर त्याला फाइल एक्सप्लोरर म्हणतात, मॅकवर फाइंडर. लिनक्सवर डॉल्फिन, नॉटिलस, थुनार अशी बरीच नावं आहेत. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदासाठी मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द टाइप करता येतात असं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे बोटांच्या वेगाची किंमत आपल्याला कळते. पण तीच बोटं टायपिंग आटोपून फाइलींकडे वळली की त्यांच्या सोयीचा विचार कोणी करत नाही. जगात सर्वाधिक संगणकांवर असलेल्या फाइल एक्सप्लोररमध्ये एकही शॉर्टकट वापरणाऱ्याला स्वतःच्या सोयीने बदलता येत नाही. नाव बदलायचं तर एफ-2, नवं फोल्डर हवं तर कंट्रोल-शिफ्ट-एन, कायमचं पुसायचं तर शिफ्ट-डिलीट. पटलं तर ठीक, नाहीतर माउस आहेच.

शॉर्टकट बदलण्याच्या सोयीकडे सहसा हौशी लोकांचा चाळा म्हणून पाहिलं जातं. ज्यांना रिकामा वेळ आहे, ज्यांना प्रत्येक गोष्ट स्वतःच्या मर्जीने सजवायची असते, त्यांनी हे करावं. कामाच्या माणसाने आहे ते शिकून घ्यावं, असा एकूण सूर. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ही सोय मुख्यतः ज्याला काहीही बदलायचं नाही त्याच्यासाठी आहे. सॉफ्टवेअर बनवणारे दर काही वर्षांनी कळांचे अर्थ फिरवतात. अशा वेळी आपली बसलेली सवय टिकवून धरायची असेल, तर शॉर्टकट आपल्या हाताने लावता येणं एवढा एकच प्रामाणिक उपाय उरतो. त्यामुळे ‘सगळ्यांना सारखंच असू द्या, उगाच गोंधळ नको’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी आधी हे तपासावं की सारखेपणा मोडतं कोण.

बॅकस्पेसचंच उदाहरण घ्या. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत बॅकस्पेस दाबलं की आपण एक फोल्डर वर जायचो. ‘तालुका’ या फोल्डरच्या आत ‘गाव’ असेल तर गावातून तालुक्यात. 2007 च्या विस्टापासून त्याच कळीचा अर्थ झाला ‘याआधी जिथे होता तिथे परत’. वर जायचं तर ऑल्ट आणि वरचा बाण. वरवर फरक किरकोळ वाटतो, कारण बहुतेकदा आपण वरच्या फोल्डरमधूनच आत आलेलो असतो. पण शोधाच्या निकालातून किंवा डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून थेट गावात उतरलेल्या माणसाला बॅकस्पेस तालुक्यात नेत नाही, भलतीकडे नेतं. नव्या अर्थाच्या बाजूने बोलायला जागा होती: ब्राउझरमध्ये तेव्हा बॅकस्पेसचा अर्थ ‘मागे’ असाच होता, मग दोन्हीकडे एकच नियम का नको? पुढची गंमत अशी की 2016 मध्ये क्रोमने आपल्या 52 व्या आवृत्तीत बॅकस्पेसचं ते कामच काढून टाकलं. फॉर्म भरताना कर्सर रकान्याबाहेर असला आणि कोणी बॅकस्पेस दाबलं, तर पान मागे जाऊन भरलेलं सगळं वाहून जायचं, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्तही होतं. म्हणजे ज्या सारखेपणाच्या नावाखाली एक्सप्लोररमधली जुनी सवय मोडली असं म्हणता आलं असतं, तो सारखेपणा नऊ वर्षांत संपला. सवय मात्र परत मिळाली नाही. ज्यांना क्रोममध्ये जुनी कळ हवी होती, त्यांच्यासाठी गूगलने स्वतःच एक छोटं एक्स्टेन्शन काढलं. एक्सप्लोररच्या वापरकर्त्याला तेवढंही मिळालं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरवाले या बाबतीत शहाणे निघाले असंही नाही. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या नॉटिलसमध्ये 2012 च्या सुमारास बॅकस्पेसने वर जाणं बंद झालं, आणि त्याच काळात फाइल कचरापेटीत टाकायला नुसतं डिलीट पुरेना, कंट्रोल-डिलीट दाबावं लागू लागलं. चुकून काही उडू नये हा हेतू. काही वर्षांनी डिलीट पुन्हा एकटंच काम करू लागलं, कारण तोवर ‘परत घ्या’ ही सोय नीट बसवण्यात आली होती. मधल्या काळात जाणकारांनी सेटिंगची लपलेली फाइल हाताने लिहून जुन्या कळा परत आणल्या. ज्यांना तशी फाइल असते हेच ठाऊक नव्हतं, त्यांनी बोटांना आधी एक शिकवलं आणि मग ते विसरायला लावलं. विंडोज 11 च्या उजव्या क्लिकच्या मेनूचीही तीच तऱ्हा. आधी उजवं क्लिक करून ‘एम’ दाबलं की नाव बदलायचा रकाना उघडे. नव्या मेनूत नाव बदलणं, कापणं, कॉपी करणं यांची नुसती चित्रं आली, आणि अक्षरांचा जुना मेनू ‘आणखी पर्याय दाखवा’च्या मागे गेला. यातला एकही बदल मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येकामागे विचार होता. मुद्दा एवढाच की प्रत्येक बदलाचा खर्च वापरणाऱ्याच्या बोटांनी भरला, आणि तो भरायचा की नाही हे त्याला विचारलं गेलं नाही.

‘पण ठरलेल्या कळांमागे काही शास्त्र असेल ना?’ थोडंफार आहे. कंट्रोलबरोबरच्या झेड, एक्स, सी, व्ही या कळा खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत, डाव्या हाताला सापडतात, उजवा हात माउसवर मोकळा राहतो. कापणे, उतरवणे, चिकटवणे ही कल्पना झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली, अॅपलने ती घराघरांत नेली, आणि तिथल्या कळांची निवड इतकी चांगली निघाली की आज ती कोणी हलवायला जात नाही. मात्र तीसुद्धा क्वर्टी मांडणीपुरतीच चांगली. 1936 साली पेटंट मिळालेल्या ड्वोराक मांडणीवर टाइप करणाऱ्याला तीच अक्षरं की-बोर्डभर विखुरलेली सापडतात. आणि या चार कळा सोडल्या तर बाकीच्या बहुतेक गोष्टी इतिहासाच्या अपघाताने ठरल्या आहेत. 1986 मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडरमध्ये स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी-शेजारी असत; एफ-5 दाबलं की फाइल या खिडकीतून त्या खिडकीत कॉपी होई, एफ-6 ने हले, एफ-7 ने नवं फोल्डर होई, एफ-8 ने पुसली जाई. डॉसच्या जमान्यातली अख्खी पिढी या कळांवर वाढली. विंडोजमध्ये एफ-5 म्हणजे रिफ्रेश. दोघांपैकी बरोबर कोण, या प्रश्नाला अर्थ नाही. 1993 पासून चालत आलेला टोटल कमांडर आजही जुन्याच कळा घेऊन निघतो आणि शिवाय त्या बदलायची सोयही देतो. त्याचे पैसे मोजणारे लोक अजून आहेत, यावरून बोटांची सवय किती चिवट असते ते कळावं.

या अपघातांमधला सर्वांत धोकादायक म्हणजे शिफ्ट-डिलीट. आयबीएमने 1987 मध्ये सगळ्या प्रोग्रामांनी सारखं वागावं म्हणून एक नियमावली काढली. तिच्यात मजकूर कापण्यासाठी शिफ्ट-डिलीट, उतरवून घेण्यासाठी कंट्रोल-इन्सर्ट आणि चिकटवण्यासाठी शिफ्ट-इन्सर्ट अशा जोड्या होत्या. विंडोजने त्या उचलल्या, आणि आजही कित्येक ठिकाणी त्या चालतात. पण एक्सप्लोररमध्ये तीच शिफ्ट-डिलीट जोडी फाइल रीसायकल बिनला वळसा घालून कायमची पुसते. एकाच संगणकावर, एकाच माणसाच्या हाताखाली, एका खिडकीत ‘कापून ठेव’ आणि शेजारच्या खिडकीत ‘नष्ट कर’. मध्ये एक प्रश्न विचारला जातो हे खरं, ‘नक्की पुसायचं का?’ पण रोज शंभर प्रश्नांना एंटर मारणाऱ्या माणसाचं बोट त्या प्रश्नालाही एंटरच मारतं. पेन ड्राइव्हवरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फाइलींना तर बहुधा साधं डिलीटही कायमचंच असतं. ज्या लिपिकाला ही जोडी कधीच लागत नाही, त्याला ती आपल्या संगणकावरून काढून टाकता यायला नको का? एक्सप्लोररच्या सेटिंगमध्ये त्याची काहीच तजवीज नाही.

आणि हे अवघड आहे म्हणून होत नाही, असं मानायला काही आधार नाही. त्याच मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये जवळजवळ प्रत्येक आज्ञेची कळ बदलता येते, आणि ती सोय वर्षानुवर्षं आहे. फोटोशॉपमध्ये शॉर्टकटांचा वेगळा तक्ताच आहे. संगणकावरच्या खेळात बटणं बदलता आली नाहीत तर पोरं तो खेळ विकत घेणार नाहीत. मॅकवर सिस्टीमच्या सेटिंगमधून फाइंडरसकट कोणत्याही अॅपच्या मेनूतल्या आज्ञेला आपली कळ देता येते. फक्त आज्ञेचं नाव मेनूत दिसतं तसंच्या तसं, शेवटच्या टिंबांसह, टाइप करावं लागतं, आणि संगणकाची भाषा बदलली की नाव जुळत नाही म्हणून ती कळ गळून पडते. थोडी ओबडधोबड सोय, पण आहे.

चांगली सोय कशी असते ते पाहायचं तर केडीई या लिनक्स डेस्कटॉपचा डॉल्फिन उघडावा. सेटिंगच्या मेनूत की-बोर्ड शॉर्टकटांचा पर्याय आहे. तो निवडला की सगळ्या आज्ञांची यादी येते, वर शोधायचा रकाना. समजा नॉर्टन कमांडरवर वाढलेल्या कुणाला एफ-5 ने पलीकडच्या खिडकीत कॉपी करायची आहे. डॉल्फिन खिडकी दुभंगून दाखवतो, आणि ही आज्ञाही त्याच्याकडे आहे. ती यादीत शोधायची, तिच्यावर क्लिक करायचं. तिची मूळ कळ आणि ‘तुमची स्वतःची’ असे दोन पर्याय पुढे येतात. दुसरा निवडून एफ-5 दाबायचं. लगेच इशारा येतो की ही कळ रिफ्रेशला दिलेली आहे, तिथून काढून इथे द्यायची का? हो म्हटलं की काम झालं. चुकलं असं वाटलं तर मूळ कळांवर परत जाता येतं. आख्खा संच योजना म्हणून वेगळा साठवता येतो आणि दुसऱ्या संगणकावर नेता येतो. यात हौशीपणाचा लवलेश नाही. एखादा मुरलेला हेडक्लार्क नव्या माणसाला जसं विचारेल, ‘हे बटण मी तिकडे लावलंय, चालेल ना?’, तितकंच साधं.

आपल्याकडे हा विचार नवा नाही, फक्त तो फाइलींपर्यंत पोचलेला नाही. टाइपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा मराठी टंकलेखकांपुढे पेच उभा राहिला. सरकारने प्रमाण मानलेली मांडणी इन्स्क्रिप्ट. ती शास्त्रशुद्ध, स्वर एका हाताला आणि व्यंजनं दुसऱ्या हाताला. पण हजारो लोकांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर घडलेली. सी-डॅकचं आयएसएम असो की श्रीलिपी, या सॉफ्टवेअरांनी दोन्ही मांडण्या दिल्या, आणि त्यामुळे वर्तमानपत्रांच्या डीटीपी विभागांपासून कचेऱ्यांपर्यंत काम थांबलं नाही. इन्स्क्रिप्टचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं तत्त्वतः चूक नव्हतं, आणि नव्या माणसाने इन्स्क्रिप्टच शिकावं हेही बरोबर. तरी ज्याचा हात बसला आहे त्याला त्याच्या मांडणीवर काम करू देण्यात शहाणपण होतं, आणि त्या शहाणपणाला कोणी चैन म्हटलं नाही. मराठी लिहिणाऱ्याला फाइल मॅनेजरमध्ये शिवाय एक वेगळी अडचण येते. रेंजरसारखे काही फाइल मॅनेजर नुसत्या अक्षरांवर चालतात. फाइल उचलायला ‘डी’ दोनदा दाबायचं. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर त्या कळीवर हलंत असतो, आणि प्रोग्राम बहिरा होतो. मग दर वेळी भाषा बदला, आज्ञा द्या, पुन्हा भाषा बदला. ज्याच्या फाइलींची नावंच मराठीत आहेत, त्याच्यासाठी ही रोजची कटकट आहे, आणि ती इंग्रजीत बसून शॉर्टकट ठरवणाऱ्याच्या लक्षात येण्याचं काही कारण नाही. कळ वापरणाऱ्याला ठरवता यावी, याचं हे एक जास्तीचं कारण.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत व्यवहारी: विंडोजमध्ये सोय नसली म्हणून काय झालं, बाहेरची साधनं आहेत की. ऑटोहॉटकी 2003 पासून आहे; मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमध्ये कळा बदलता येतात, त्याही एका विशिष्ट प्रोग्रामपुरत्या. खरं आहे, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावीत. पण ही साधनं दाराबाहेर उभी राहून कळ अडवतात. आत काय चाललं आहे ते त्यांना आपोआप कळत नाही. बॅकस्पेसला ‘वर जा’ असा अर्थ बाहेरून दिला, आणि मग एखाद्या फाइलचं नाव बदलताना चुकलेलं अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबलं, तर अक्षर खोडलं जाण्याऐवजी आपण वरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. हे टाळायला आत्ता कर्सर लिहिण्याच्या रकान्यात आहे का, हे तपासणाऱ्या ओळी स्क्रिप्टमध्ये लिहाव्या लागतात. लिहिणारे लिहितात. फाइल मॅनेजरला स्वतःला ही गोष्ट मुळातच माहीत असते, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. शिवाय बँकेत, जिल्हा परिषदेत किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत बाहेरचं सॉफ्टवेअर बसवायची परवानगी नसते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती नसावीच. की-बोर्डवरची प्रत्येक कळ ऐकणारा प्रोग्राम सरकारी संगणकावर चालवा, असं कोण म्हणेल? म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच हा मार्ग बंद.

दुसरा आक्षेप सामायिक संगणकाचा. सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात एकाच यंत्रावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसतो. पहिल्याने कळा बदलल्या तर दुसऱ्याचा खोळंबा. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. एकाने डिलीटचा अर्थ बदलून ठेवला आणि दुसऱ्याला ते ठाऊक नसेल, तर नुकसान खरोखर होईल. पण ही अडचण शॉर्टकटांची नाही, एकाच खात्यावर सगळ्यांनी बसण्याची आहे. ही सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळी साठवली जाते. ज्याने त्याने आपल्या नावाने लॉगिन केलं तर एकाच्या कळा दुसऱ्याला दिसतही नाहीत. अर्ज कोणी हाताळला याची नोंद राहावी म्हणूनसुद्धा वेगळी खाती हवीतच. आणि जिथे ते शक्य नाही, तिथे यंत्रणा सांभाळणाऱ्याने सोयीला कुलूप लावावं. कुलूप लावण्याचा अधिकार त्या कार्यालयाकडे असणं वेगळं, आणि जगातल्या प्रत्येक संगणकासाठी एका कंपनीने ते आधीच लावून ठेवणं वेगळं.

तिसरा प्रशिक्षणाचा. 2001 पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली. त्या शिकवणीला सगळीकडे चालेल अशा सारख्या कळा लागतात. शिकवताना मूळ कळाच शिकवाव्यात, याबद्दल वाद नाही. बदलण्याची सोय असली म्हणून मूळ कळा नाहीशा होत नाहीत. ज्याने हात लावला नाही त्याचं सगळं जसंच्या तसं राहतं. फोनवरून मदत करणाऱ्याला मात्र ‘एफ-5 दाबा’ म्हणताना पलीकडे काय होईल याची खात्री राहणार नाही, हे मान्य करायला हवं. त्यावर उतारा म्हणजे मेनूत आज्ञेच्या शेजारी तिची सध्याची कळ छापलेली असणं आणि एका क्लिकवर सगळं मूळपदावर आणता येणं. डॉल्फिनमध्ये दोन्ही आहे. ज्या सॉफ्टवेअरात यांपैकी एक नसेल, तिथे हा आक्षेप मी मान्य करेन.

सर्वांत अभ्यासपूर्ण आक्षेप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून आला आहे. ग्नोमच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेल्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2002 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाबद्दल एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक पर्यायाची किंमत असते: तो तपासावा लागतो, इतर पर्यायांशी त्याच्या टकरी होतात, सेटिंगचं पान फुगतं, आणि बरेचदा पर्याय देणं म्हणजे निर्णय घ्यायला कचरणं असतं. हे बहुतांशी बरोबर आहे. खिडकीच्या कडेला सावली किती जाड हवी, हे मला विचारू नका, तुम्हीच ठरवा. सोय वाईट तऱ्हेने दिली तर ती त्रासच देते, याचा पुरावाही याच गोटात आहे. त्या काळच्या ग्नोममध्ये मेनूतल्या आज्ञेवर माउस नेऊन नुसती कळ दाबली की ती त्या आज्ञेचा शॉर्टकट बनवता येई. ऐकायला झकास, पण मेनू उघडा असताना चुकून एखादी कळ दाबली गेली तरी शॉर्टकट बदलून बसे आणि माणसाला पत्ताही लागत नसे. म्हणून ही सोय मुळात बंद ठेवली जाऊ लागली, आणि ग्नोमचे मेनू ज्यावर बांधले जातात त्या जीटीके या साधनसंचाच्या पुढच्या पिढीत ती उरली नाही. जीटीकेवरच बांधलेल्या थुनारला त्याचा फटका बसला. नव्या जीटीकेवर आल्यावर तिथे शॉर्टकट बदलायचे तर एक फाइल हाताने संपादित करावी लागे. डिसेंबर 2022 मध्ये एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या 4.18 आवृत्तीबरोबर थुनारमध्ये शॉर्टकट बदलण्याची रीतसर खिडकी आली. एक्सएफसीई हा मूठभर स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. किंमत मोजावी लागते हे पेनिंग्टन यांचं म्हणणं खरंच. ती मोजणं शक्य आहे हेही तितकंच खरं. आणि शॉर्टकट हा सावलीच्या जाडीसारखा पर्याय नाही. सावली डोळ्याला दिसते आणि विसरली जाते. शॉर्टकट दिवसातून शेकडो वेळा हाताने दाबला जातो, आणि हाताने शिकलेलं डोक्याच्या हुकमाने पुसता येत नाही.

हात सगळ्यांचे सारखे नसतात, हेही इथे आलं. ज्याला एकच हात वापरता येतो, त्याने कंट्रोल-शिफ्ट-एन कसं दाबायचं? स्टिकी कीज नावाची सोय आहे, तीत कळा एकामागून एक दाबता येतात. पण दिवसभर प्रत्येक आज्ञेला तीन वेळा दाबण्यापेक्षा एक मोकळी कळ देणं सोपं. वेब मजकुराच्या सुगम्यतेसाठी 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.1 या मार्गदर्शक तत्त्वांत याबद्दल स्पष्ट अट आहे: नुसत्या एका अक्षराने चालणारा शॉर्टकट असेल तर तो बंद करता आला पाहिजे, किंवा बदलता आला पाहिजे, किंवा संबंधित भागावर लक्ष असतानाच तो चालला पाहिजे. बोलून संगणक चालवणाऱ्याचा एखादा शब्द चुकून अक्षरांची माळ म्हणून ऐकला जातो आणि प्रत्येक अक्षर एकेक आज्ञा बनून सुटतं, हे त्यामागचं मोठं कारण. ही अट ‘अ’ पातळीची, म्हणजे किमान पायरीची आहे. वेबपानांना जी किमान अपेक्षा लावली जाते, ती फाइल मॅनेजरला लावू नये याला मला कारण दिसत नाही. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि सरकारी कार्यालयांत दिव्यांग कर्मचारी आहेत. ते कोणत्या कळांवर काम करतात हे विचारायला कोणी त्यांच्या टेबलापाशी जात नाही.

शेवटचा आक्षेप म्हणजे खांदे उडवणं. किती जण बदलणार आहेत? फार नाहीत. बहुतेक लोक कोणत्याही प्रोग्रामची सेटिंग उघडत नाहीत, आणि शॉर्टकटांबाबतही तेच होईल. पण एका कचेरीत एकाने चांगला संच बसवला आणि तो फाइल करून इतरांना दिला, तर बाकीच्यांना सेटिंग उघडावीच लागत नाही. आणि फोनवर, आवाजावर सगळं जाणार आहे, की-बोर्ड किती दिवस टिकणार, असं म्हणणाऱ्यांनी तहसील कार्यालयातल्या स्कॅनिंगच्या टेबलावर एक दुपार घालवावी. तिथे बोलून फाइली हलवायच्या म्हटलं तर शेजारच्याचं काम बंद पडेल.

सरकारी संगणक खरेदीच्या निविदांमध्ये प्रोसेसर, मेमरी, वॉरंटी यांचे रकाने भरलेले असतात. सॉफ्टवेअरने माणसाच्या हाताशी कसं वागावं याचा रकाना क्वचितच. तो घालायचा झाला तर फार लिहायला नको. फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रामात प्रत्येक आज्ञेची कळ वापरणाऱ्याच्या खात्यापुरती बदलता यावी. टक्कर झाली तर आधी सांगितलं जावं. मूळ संचावर परत जाता यावं. संच एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावा. नव्या आवृत्तीने वापरणाऱ्याने लावलेली कळ न विचारता बदलू नये. आणि यातलं एकच मिळणार असेल, तर मी सहावं मागेन: कोणत्याही आज्ञेची कळ काढून घेऊन ती आज्ञा बिनकळीची ठेवता यावी. ज्या टेबलावर सात-बारा आणि फेरफाराच्या मूळ नोंदींच्या प्रती आहेत, तिथे शिफ्ट-डिलीट दाबलं तर काहीही होऊ नये.